एका वर्षाचा प्रवास, शंभर वर्षांचा विरह



रे रोड स्टेशनाच्या पूर्वेस दारूखाना आहे. जुनीं जहाजें तोडण्यासाठीं तो प्रसिद्ध. त्या परिसरांतल्या एका शाळेंत मी नवखा शिक्षक असतांना एका मुलानें विचारलें, "सर, एक माणूस वर्षभराचा प्रवास करून परततो आणि घरीं शंभर वर्षें उलटलेलीं असतात, हें कसें?" हें त्यानें एका इंग्रजी रॉक गाण्यांत ऐकलें होतें. "असलीं गाणीं म्हणजे नुसता गोंगाट," असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. त्याचे वडील बोटीवर नोकरीस होते. नऊ-नऊ महिने घरीं येत नसत. हें ठाऊक असूनहि मीं त्याचा प्रश्न टाळला. तें उत्तर आज देतों.

तें गाणें 'क्वीन' या इंग्रज वाद्यवृंदाचें. नांव 'थर्टी-नाइन', साल १९७५. या वृंदाचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी मूळचा झांजीबारच्या पारशी कुटुंबांतला फारोख बलसारा. तो शिकला आपल्या पांचगणीस. परंतु हें गाणें रचलें व गायिलें तें गिटारवादक ब्रायन मे यांनीं. ग्रहांमधील धुळीच्या गतीवर ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत संशोधन करीत होते. संगीतापायीं तें मागें पडलें. २००७ सालीं तें पुरें करून त्यांनीं डॉक्टरेट मिळविली. मीं ज्यास गोंगाट म्हटलें, तें एका खगोल-अभ्यासकाचें काव्य होतें!

गाण्याची चाल लोकगीतासारखी साधी आहे. नव्या भूमीच्या शोधार्थ कांहीं वीर अंतराळांत जातात. परततात तेव्हां त्यांचें वय वर्षभरानेंच वाढलेलें असतें. इकडे मात्र जिवलग माणसें केव्हांच काळाआड गेलेलीं असतात.

आतां यांतलें शास्त्र पाहूं. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर. आइन्स्टाइननें १९०५ सालीं दाखविलें कीं, त्या वेगाच्या जवळ जावें तसा प्रवाशाचा काळ मंदावतो. ८७ टक्के वेगास त्याचें घड्याळ निम्म्या गतीनें चालतें. ९९ टक्क्यांस सुमारें सातपट मंद. वर्षाचीं शंभर वर्षें व्हावयास प्रकाशाहून सेकंदास अवघे १५ किलोमीटर कमी, एवढा वेग हवा! तसें यान आज नाहीं. पण नियम खरा आहे. १९७१ सालीं हाफेले व कीटिंग यांनीं आण्विक घड्याळें प्रवासी विमानांतून पृथ्वीभोंवतीं फिरविलीं. गणिताप्रमाणें अब्जांश सेकंदांचे फरक पडले.

प्रबळ गुरुत्वाकर्षणाजवळहि काळ मंदावतो. गाण्याच्या आदल्याच वर्षीं, १९७४ सालीं, डॉ. जयंत नारळीकर यांनीं टोपणनांवानें 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस धाडली आणि तिला पहिलें पारितोषिक मिळालें. त्या परिषदेचें विज्ञान भवन आमच्याच हार्बर मार्गावर, चुनाभट्टीस आहे.

येथें कोणी रेवतीची कथा आठवील. तिच्यासाठीं वर विचारण्यास राजा ककुद्मी ब्रह्मलोकीं गेला, गंधर्वांचें गायन संपेतों थांबला, आणि तेवढ्यांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलीं! कल्पना विलक्षण आहे. पण तीवरून पुराणांत सापेक्षता होती असें म्हणूं नये. कथा स्वप्न पाहते. शास्त्र मोजून दाखवितें. मे यांच्या गाण्यांत दोहोंची गांठ पडली आहे, म्हणून तें हृदयास भिडतें.

त्या मुलास आतां एवढेंच सांगेन : बाळा, बोटीच्या वेगानें घड्याळांत पडणारा फरक नगण्य असतो. तुझ्या वडिलांचे नऊ महिने तुमच्या नऊ महिन्यांइतकेच लांब होते.