मडकं कच्चं म्हणता, पण वाजवलं कोणी?



मंडळी, आळंदीहून माउलींची पालखी निघाली की पुण्यापर्यंतच्या वाटेत संगणकाच्या कंपन्यांतली पुष्कळ पोरं चालताना दिसतात. कपाळाला गंध, पायात बूट, तोंडात हरिनाम. आनंद आहे. पण विसाव्याला बसली की त्यांचं बोलणं ऐका. "तुला काय मिळालं?" "तीन. तुला?" "सगळ्यात खालचं. आता यादीत नाव येणार बघ." शेजारच्या आजोबांना वाटतं, शाळेचा निकाल लागला की काय! आजोबा, निकालच तो. वर्षभराच्या कामाला साहेब एक आकडा देतो, त्याला रेटिंग म्हणतात. पगारवाढ त्यावर, बढती त्यावर, आणि माणसं कमी करायची वेळ आली की कोणाला घरी पाठवायचं हेही पुष्कळदा त्यावरच. 2025 च्या जुलैत देशातल्या सगळ्यात मोठ्या संगणक कंपनीनं सुमारे 2 टक्के, म्हणजे 12,000 च्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं. हिंजवडीला ज्याचा मुलगा आहे त्या बापाला त्या रात्री झोप लागली असेल का?

आता तुम्ही म्हणाल, बुवा, याचा कीर्तनाशी काय संबंध? अहो, आपल्या संतांच्या मेळ्यातही एकदा रेटिंग झालंय की! गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. तरी आज जरा वेगळ्या बाजूनं बघू.

तेर गाव. गोरोबाकाकांचं घर. ज्ञानदेव, निवृत्तिनाथ, सोपानदेव, मुक्ताई, नामदेव, सगळे जमलेत. कोपऱ्यात थापटणं पडलंय. थापटणं म्हणजे ओलं मडकं ठोकून आकार देतात ते लाकडी साधन. मुक्ताई विचारते, काका, हे काय? काका म्हणाले, यानं थापटून आम्ही मडकं पक्कं की कच्चं ते ओळखतो. मग मुक्ताई म्हणाली, इथं बसलेली ही मडकीसुद्धा बघा की जरा. काका उठले. एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवराय मात्र चिडले. आणि काकांनी सांगून टाकलं, एवढं एक मडकं कच्चं.

मंडळी, कल्पना करा! ज्याच्या हातचा नैवेद्य पांडुरंग जेवला, त्याला भर सभेत सगळ्यात खालचा आकडा. राउळात जाऊन देवापाशी रडला बिचारा.

इथं नेहमीचं कीर्तन असं पुढं जातं की नामदेवांना अहंकार होता, तो मोडला, तसा आपणही मोडावा. खरं आहे ते. पण परवा एका पोरानं मला सांगितलं की त्याच्या साहेबानं हीच गोष्ट त्याला ऐकवली. "नामदेवांनासुद्धा कच्चं म्हटलं होतं, मग तुला काय झालं?" अरे वा! रेटिंग खाली लावताना साहेबांना संत आठवले! तेव्हा गोरोबाकाकांनी काय केलं आणि कंपन्या काय करतात, यातला फरक मला आज सांगितलाच पाहिजे.

काकांनी प्रत्येक डोकं स्वतः थापटलं. एकही सोडलं नाही. थापटण्याच्या आधी कोणाला कच्चं ठरवलं नाही. कुंभार आवा लावतो तेव्हा "यातली दहा मडकी कच्ची निघालीच पाहिजेत" असं ठरवून लावतो का? सगळी पक्की निघाली तर तो नाचेल! कंपन्यांत मात्र एक पद्धत आहे. बेल कर्व्ह म्हणतात तिला, घंटेच्या आकाराची रेघ. इतके टक्के वर, बहुतेक सगळे मध्ये, आणि इतके टक्के खाली, हे माणसांची नावं बघायच्या आधीच ठरलेलं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रमुख जॅक वेल्श यांनी ही गाजवली. वरचे 20, मधले 70, खालचे 10, आणि त्या खालच्या 10 जणांनी वाट धरायची. जगभर पुष्कळांनी नक्कल केली. मायक्रोसॉफ्टनं 2013 साली असली पद्धत सोडून दिली, कारण माणसं कामापेक्षा एकमेकांच्या पायात पाय घालण्यात गुंतायला लागली. तरी अजून कुठे उघडपणे, कुठे आडून ती चालते. गटात आठजण आहेत, आठही चांगले आहेत, पण खालच्या खणात एक नाव घालायचंच आहे. मग कोणाचं घालायचं? जो नवा आला, जी बाळंतपणाच्या रजेवर होती, ज्याचं प्रोजेक्ट मध्येच बंद पडलं, त्याचं. हे थापटणं नव्हे बाबांनो, ही चिठ्ठी टाकणं झालं!

आव्यातही असं होतं. कडेच्या मडक्याला धग कमी लागते. ते कच्चं राहिलं तर दोष मातीचा नसतो, जागेचा असतो. कुंभाराला हे कळतं. तो ते मडकं पुढच्या आव्यात मध्ये ठेवतो.

आणखी एक बघा. नामदेवांना कच्चं म्हटलं, पण मेळ्यातून हाकललं का? नाही. देवानं त्यांना पुढची वाट दाखवली: औंढ्या नागनाथाला जा, विसोबा खेचरांना शरण जा. कच्चं कशात, पक्कं कुठं होशील, हे सगळं त्यात आलं. नुसता आकडा नाही. आणि तेच नामदेव पुढं पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत.

म्हणून हातात वाईट आकडा पडला की पहिल्या रात्री देवाला किंवा नशिबाला बोल लावू नका. आधी शोधा की मला कोणी थापटलं का? साहेबाला शांतपणे विचारा, आणि ईमेलवर विचारा: माझं कोणतं काम कमी पडलं, कोणत्या महिन्यात, आणि पुढच्या सहा महिन्यांत काय केलं तर ते बरोबर धराल? उत्तरात खरं काही निघालं, तर राग गिळून औंढ्याची वाट धरा. शिका. आणि उत्तरात नुसतं "सगळ्यांशी तुलना करून" असं गुळमुळीत काही आलं, तर समजा की तुम्ही खण भरायला वापरले गेलात. त्या आकड्याला कागदावर राहू द्या, काळजात नेऊ नका. दुःख होईल. व्हायचंच. पण "मी नालायक" हे वाक्य त्या आकड्यानं सिद्ध होत नाही.

काहीजण म्हणतात, गीतेत फळाची आशा धरू नकोस असं सांगितलंय, मग तक्रार कशाला? अहो, तो उपदेश कोणाला केला? धनुष्य खाली टाकून बसलेल्या अर्जुनाला, उठून उभं राहण्यासाठी! अन्याय झाला तर तोंड शिवून बस, असा त्याचा अर्थ लावणं हा देवावरच अन्याय आहे.

आता नोकरी जाण्याचं. काही ठिकाणी माणसाला एका खोलीत बोलावतात आणि "तूच राजीनामा दे, तुझ्याच भल्याचं आहे" म्हणतात. मंडळी, त्या खोलीत त्याच दिवशी सही करू नका. "मला वाचायला वेळ द्या, हे लेखी पाठवा," एवढं बोला. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे जो कामगार ठरतो आणि ज्याची वर्षभर सलग नोकरी झालीय, त्याला कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. आपणहून राजीनामा दिला की ही भरपाई गेली. तुम्ही त्या व्याख्येत बसता की नाही, हे जाणत्या वकिलाला विचारा, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात विचारा. कीर्तनकाराला विचारू नका! पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, मागच्या वर्षांचे शेरे यांच्या प्रती घरी असू द्या. आणि कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून आईबापांचा विमा नोकरी आहे तोवरच वेगळा उतरवा.

सगळ्यात वाईट काय होतं सांगू? नोकरी जाते, आणि पोरगा घरी सांगत नाही. रोज सकाळी बॅग घेऊन निघतो, बागेत बसतो, संध्याकाळी परत येतो. बायकोला वाटतं कामाचा ताण आहे. हप्ता थकतो, पोरगा मनातल्या मनात कुजतो. तुकोबारायांचं दुकान बसलं, दिवाळं निघालं, दुष्काळात घरातलं माणूस गेलं. हे झाकून ठेवलं का त्यांनी? आज साडेतीनशे वर्षांनंतरही आपल्याला माहीत आहे. आणि इथं बसलेल्या आईबापांनो, पोरानं धीर करून सांगितलं तर पहिला प्रश्न "आता लोक काय म्हणतील" हा विचारू नका. "जेवलास का?" एवढं विचारा. बाकी उद्या.

जाता जाता एक. विसाव्यावर एका मुलीनं विचारलं, "बुवा, रेटिंग खाली आलंय, अशात वारीला सुट्टी मागू का?" मी म्हटलं, हक्काची रजा असेल तर माग, काम नीट सोपवून ये, आणि फोन बंद ठेवून चाल. रजा नाहीच मिळाली, तर अरणच्या सावता माळ्यांनी कुठं मळा सोडला होता? एक दिवस आळंदी ते पुणे चाल, दुसऱ्या दिवशी कामावर जा. पालखी पुण्यात मुक्कामाला असतेच, संध्याकाळी सुटलीस की दर्शनाला ये.

विठ्ठल विठ्ठल.