सेंट स्टॅनिस्लॉसचा बाक आणि आमची मुले

मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. बसस्टँडपासून चार पावलांवर एखाद्या शाळेची रंगवलेली पाटी दिसते आणि त्या पाटीवर 'सेंट' हा शब्द असतो. सेंट अमुक इंग्लिश स्कूल, सेंट तमुक कॉन्व्हेंट. शाळेचा मालक बहुधा एखादा गुत्तेदार, नाही तर मार्केट कमिटीचा माजी संचालक. आत ना फादर, ना सिस्टर, ना प्रार्थनाघर. कॉन्व्हेंट म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा मठ, हेही पाटी रंगवून घेणाऱ्याच्या गावी नसते. तरीही औंढा नागनाथच्या पंचक्रोशीतला आमचा शेतमजूर, ऊसतोडीला जाऊन पाठ मोडून आलेला बाप, उचलीतले पैसे बाजूला काढून त्या पाटीखाली पोराला उभे करतो. त्याला हसू नये. त्याला पक्के ठाऊक आहे की जिल्हा परिषदेच्या शाळेत साहेबाचा पोरगा शिकत नाही.

मग हे 'सेंट' आले कुठून? ज्यांच्या नावाची ही नक्कल चालली आहे त्या अस्सल कॅथलिक शाळा कोणासाठी निघाल्या, तिथे पोरे कशी घडली आणि त्यात आमच्या वाट्याला काय आले, हे चळवळीच्या वाचकाने समजून घ्यावे असे आम्हास वाटते. त्यासाठी एकच शाळा समोर घेऊ. मुंबईत वांद्र्याच्या हिल रोडवरची सेंट स्टॅनिस्लॉस, मुलांची शाळा म्हणून नावारूपाला आलेली.

ही शाळा १८६३ सालची. त्याच्या सातच वर्षे आधीची एक गोष्ट बाबासाहेबांनी आपल्या लिखाणात नोंदवून ठेवली आहे. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने उत्तर दिले त्याचा सारांश असा, की न्याय तुझ्या बाजूला आहे, पण तुझ्या एकट्यासाठी शेकडो वर्षांचा समज मोडायला गेलो तर बाकीची मुले शाळा सोडतील. कंपनी सरकारचा न्याय हा असा होता! त्याच सुमारास, १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, खाजगी संस्थांना शाळांसाठी सरकारी अनुदान मिळू लागले आणि मिशनऱ्यांनी त्याचा भरपूर लाभ घेतला.

जेसुइट हा कॅथलिक पाद्र्यांचा संघ. वांद्र्याला ते नवे नव्हते. पोर्तुगीज अमलात, सोळाव्या शतकात, तिथल्या कोळ्यांमध्ये त्यांनीच सेंट अँड्र्यूजचे चर्च उभे केले होते. पुढे पोपने १७७३ साली हा संघच बरखास्त केला आणि १८१४ साली पुन्हा उभा केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जर्मन भाषा बोलणारे जेसुइट मुंबईत आले. त्यांनी पोरक्या मुलांसाठी घरे काढली. पण एकच घर काढले नाही. गोऱ्या शिपायांच्या मुलांसाठी सेंट मेरीज (१८६४), आणि 'नेटिव्ह' पोरांसाठी वांद्र्याचे अनाथालय. देवाची सगळी लेकरे सारखी असे शिकवणाऱ्यांनी लेकरांच्या कातडीप्रमाणे छपरे वेगळी केली. आम्ही हे टोमणा म्हणून सांगत नाही. त्या काळाचा साम्राज्याचा शिरस्ताच तसा होता आणि चर्च त्या शिरस्त्याबाहेर गेले नाही, एवढेच.

नेटिव्ह मुलांच्या या अनाथालयातूनच पुढे सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कूल वाढले. उपनगरातल्या पहिल्या इंग्रजी शाळांत त्याची गणना होते. १८६३ ते १८७० या सात-आठ वर्षांत आजच्या महाराष्ट्रात कॅथलिक मुलांच्या शाळांची रांगच लागली. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७, मुंबईची सेंट झेवियर्स १८६९, नागपूरची सेंट फ्रान्सिस डी सेल्स १८७०. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन फादरांना स्थानबद्ध करून देशाबाहेर काढले आणि मुंबईत त्यांच्या जागी पुढे स्पॅनिश जेसुइट आले, पण शाळा बंद पडल्या नाहीत. माणूस गेला तरी संस्था चालली पाहिजे, ही गोष्ट आमच्या संस्थाचालकांनी जरा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

शाळेला ज्याचे नाव आहे तो स्टॅनिस्लॉस कोस्टका पोलंडच्या सरदाराचा मुलगा. जेसुइट व्हायचे म्हणून घरच्यांना न जुमानता व्हिएन्नाहून निघाला आणि शेकडो कोस पायी चालत रोमला गेला. १५६८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी वारला. शाळेत जाण्यासाठी मैलोगणती पायपीट करणे म्हणजे काय, हे औंढा तालुक्यातल्या वाडीतांड्यावरच्या पोरांना वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की त्यांना कोणी संत म्हणत नाही.

आता आतला दिनक्रम. जेसुइटांनी १५९९ सालीच आपल्या शाळांसाठी एक आराखडा छापला, रॅशिओ स्टुडिओरम त्याचे नाव. त्यात कोणत्या वर्गाला काय, किती आणि कसे शिकवायचे ते ठरलेले होते. रोजची उजळणी, पाठ म्हणून दाखवणे, दोन मुलांची जोडी लावून चढाओढ, वादसभा, नाटक. बोर्डिंगातला दिवस घंटेने बांधलेला. पहाटे घंटा, प्रार्थना, अभ्यास, वर्ग, दुपारनंतर मैदान, दिवेलागणीला पुन्हा अभ्यास, मग झोप. या संध्याकाळच्या अभ्यासाला 'स्टडी' म्हणत. सगळी मुले एका दालनात, आपापल्या डेस्कपाशी, गप्प. समोर एक फादर स्वतःचे पुस्तक वाचत बसलेला. शिकवणी नाही, क्लास नाही, फक्त शांतता आणि दिवा. आमच्या मते त्या शाळांचे खरे गुपित इंग्रजी नव्हते, हे दीड-दोन तास होते. ज्याच्या घरी एकच खोली, एकच चिमणी आणि धाकटी चार भावंडे, त्या पोराला हे दीड-दोन तास कुठे मिळणार? गरिबाच्या मुलाची हुशारी कमी नसते, त्याला बसायला जागा कमी असते.

अभ्यासाइतकेच मैदान महत्त्वाचे. सेंट स्टॅनिस्लॉस हॉकीसाठी ओळखली जाते. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेला आणि भारताचे कर्णधारपद भूषवलेला विरेन रस्किना याच शाळेचा. धर्माच्या तासाला कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला बसत आणि बाकीच्यांसाठी 'मॉरल सायन्स' म्हणजे नीतिशिक्षण असे. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मिशनऱ्यांच्या शाळा म्हणजे धर्मांतराचे कारखाने, अशी बोंब मनुवादी मंडळी गेली शंभर वर्षे ठोकत आहेत. लालकृष्ण अडवाणी कराचीच्या सेंट पॅट्रिक्समध्ये शिकले. अरुण जेटली दिल्लीच्या सेंट झेवियर्समध्ये, जे. पी. नड्डा पाटण्याच्या सेंट झेवियर्समध्ये. यातला एकही ख्रिस्ती झाला नाही! इंग्रजी मात्र उत्तम शिकले. दीडशे वर्षांच्या या 'कारखान्यां'नंतर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती शेकडा एकसुद्धा भरत नाहीत.

म्हणजे आमची तक्रार उलटी आहे. या शाळांनी आम्हाला बाटवले ही ती नव्हे. यांतल्या उत्तम शाळा आमच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, ही आहे.

शहरात बाक, डेस्क, हॉकी आणि इंग्रजी. खेड्यात काय? १८७६-७८ च्या दुष्काळात माणसे पटापट मेली. १८७८ साली जर्मन जेसुइट फादर ऑटो वाइसहाउप्ट यांनी अहमदनगर जिल्ह्यात राहुरीकडच्या केंदळ भागात काम सुरू केले. तिथे जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग. आमच्या मराठवाड्यात, निजामाच्या मुलखात, फ्रान्सलियन पंथाच्या फादरांनी गोदाकाठी घोगरगावला ठाणे मांडले. तिथले फ्रेंच फादर गुरियन जॅकियर यांचे नाव त्या भागात अजून घेतले जाते. या मिशनांनी महारवाड्यात, मांगवाड्यात शाळा नेली, हे त्यांचे उपकार आम्ही नाकारत नाही. जिथे सवर्णांच्या ओसरीवर चढायची बंदी, तिथे गोरा माणूस आमच्या दारात बसला, आजाऱ्याला औषध दिले, पाटी हातात दिली. पण ती शाळा म्हणजे मराठी चार इयत्ता आणि धर्मशिक्षक हाच मास्तर. पुढची वाट क्वचित एखाद्याच पोराला मिळाली.

जोतीरावांनी, जे स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, १८८२ साली हंटर आयोगापुढे सरकारला नेमके हेच सुनावले होते. रयतेच्या कराचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर उधळता आणि वरून ज्ञान आपोआप खाली झिरपेल म्हणता. ते झिरपत नाही. बाबासाहेबांनी हाच हिशेब पुढे मिशनऱ्यांपुढे मांडला. अस्पृश्यांच्या धर्मांतरावरचे त्यांचे लेख महाराष्ट्र शासनाने १९८९ साली पाचव्या खंडात छापले आहेत. मिशनच्या शाळा-कॉलेजांचा आणि दवाखान्यांचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीय हिंदूंनी घेतला आणि अस्पृश्यांतून आलेला ख्रिस्ती आहे तिथेच राहिला, हे त्यांचे दुखणे. जात चर्चमध्येही शिरली, हेही त्यांनी लिहिले.

पण बाबासाहेब टीका करून थांबले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. मराठवाडाच का? निजामी राजवटीत इथे उच्च शिक्षणाचा दुष्काळ होता आणि आमच्या समाजात तर अक्षरशत्रुत्व पिढीजात. नागसेनवनात कॉलेजबरोबर वसतिगृहे उभी राहिली, १९५५ साली हायस्कूलही निघाले. मिशनच्या बोर्डिंगात जे बळ होते, म्हणजे राहायला छप्पर, दोन वेळचे अन्न, दिवा आणि पुस्तक, ते बाबासाहेबांनी घेतले. दयेची भीक तेवढी गाळली आणि तिथे स्वाभिमान ठेवला. शाळेला संताचे नाव दिले नाही, नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाचे दिले. परभणी, हिंगोली, नांदेडकडची पोरे पत्र्याची पेटी घेऊन तिथे गेली आणि लेखक, वकील, अधिकारी होऊन परतली.

आमच्या औंढ्याच्या देवळाची एक आख्यायिका सगळ्यांना पाठ आहे. नामदेव शिंपी म्हणून त्यांना पुढून हाकलले, ते मागे जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. देऊळ फिरले की नाही हे भाविकांनी ठरवावे. शाळा अशी फिरत नाही, एवढे आम्ही खात्रीने सांगतो. ती फिरवावी लागते, आणि त्यासाठी कायदा लागतो.

तो कायदा आज काय म्हणतो? शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खाजगी शाळांनी २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांना द्यायच्या. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमती खटल्यात अल्पसंख्याकांच्या शाळा या कायद्यातूनच वगळल्या. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. मधल्या काळात, २०२१ साली, राष्ट्रीय बालहक्क आयोगाने अल्पसंख्याक शाळांचा अहवाल काढला. त्या आयोगाला ख्रिस्ती शाळांचा एवढा कळवळा का आला, ते आम्ही ओळखून आहोत. पण आकडा आकडाच असतो. ख्रिस्ती शाळांत जवळपास ७४ टक्के मुले अल्पसंख्याक नसलेल्या समाजांतली, आणि सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुले अवघी ८.७६ टक्के. मग घटनेच्या ३० व्या कलमाचे कवच कोणाच्या मुलांभोवती धरले आहे? कलम ३० वर कोणी हात टाकला तर आम्ही चर्चच्या बाजूला उभे राहू, ती बाबासाहेबांच्या घटनेची देणगी आहे. पण बाजूला उभे राहणाऱ्याला प्रश्न विचारायचाही हक्क असतो.

आणि प्रश्न फक्त बौद्ध मुलांचा नाही. घोगरगावकडचा एक महार १९०० च्या आसपास ख्रिस्ती झाला, त्याच्या भावाचा नातू १९५६ ला बौद्ध झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील धर्माच्या अटीमुळे दोघांच्याही अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. राज्यात बौद्धांना त्या १९६० ला मिळाल्या, केंद्रात १९९० ला. ख्रिस्ती भाऊबंद अजून बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढा म्हणून सांगितले, ऑक्टोबर २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला. चर्च सरकारकडे दाद मागते, ती रास्तच आहे. पण २०१६ साली भारताच्या कॅथलिक बिशपांनी स्वतःच दलित सक्षमीकरणाचे धोरण काढून चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचे कबूल केले आणि देशातल्या १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचे सांगितले. पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, व्हायला २०२२ साल उजाडले.

त्याच जेसुइटांतला एक म्हातारा मात्र आमच्या माणसांसाठी तुरुंगात गेला. फादर स्टॅन स्वामी झारखंडच्या आदिवासींत राहिले, भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणात ऑक्टोबर २०२० ला पकडले गेले. हात थरथरत म्हणून पाणी प्यायला नळी मागितली, त्यासाठीही कोर्टात जावे लागले. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात, कैदी म्हणूनच, त्यांनी प्राण सोडला. त्यांची अंत्यप्रार्थना हिल रोडवरच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये झाली. सेंट स्टॅनिस्लॉस त्याला लागूनच आहे.

हिंगोली जिल्हा १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबादच्या कॅथलिक धर्मप्रांतात येतो. तिथल्या आणि मुंबईच्या बिशपांना आमचे सांगणे असे, की न्यायालयाच्या निकालाची वाट पाहू नका. प्रत्येक शाळेच्या फलकावर दर जूनमध्ये लिहा, यंदा पहिलीत दलित ख्रिस्ती किती घेतले, बौद्ध किती, मातंग किती, आदिवासी किती, आणि त्यांतल्या किती जणांची फी माफ केली. आणि आमच्या गावोगावच्या विहार समित्यांना सांगणे असे, की परीक्षेपुरती नव्हे, बारमाही, रोज संध्याकाळी सात ते नऊ विहाराचा दिवा चालू ठेवा, सतरंज्या टाका आणि मुलांसमोर एक मोठा माणूस पुस्तक घेऊन बसवा.