मज्जारज्जू जगतो दाबावर

मुळा धरणातून उचललेले पाणी विळदच्या उपसा केंद्रामार्गे वसंत टेकडीवर येते आणि तिथून नगर शहरात वाटले जाते. विळदला वीज गेली की सावेडीत नळाची धार बारीक होते. पाइप तोच असतो, फुटलेलाही नसतो. दाब नसतो एवढेच. आपल्या पाठीच्या कण्यातही हेच घडते.

त्याच विळद घाटात डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्याच काय, कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षीच मज्जारज्जूची ओळख होते. मणक्यांच्या मागच्या कमानी कापून काढल्या आणि ड्यूरा हे जाड आवरण चिरले की करंगळीएवढा जाड, सुमारे 45 सेंटिमीटर लांब मज्जारज्जू दिसतो. कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी तो संपतो. त्याच्या पुढच्या बाजूला मधोमध एकच धमनी उतरते, मागे दोन. पुढची एकटी धमनी मज्जारज्जूचा जवळपास दोन तृतीयांश भाग पोसते. हातपाय हलवण्याचे आणि वेदना-तापमान कळवण्याचे मुख्य मार्ग याच भागात आहेत.

ही धमनी कवटीच्या तळाशी दोन व्हर्टिब्रल धमन्यांच्या फांद्या जुळून सुरू होते. पण तिथले रक्त खालपर्यंत पुरत नाही. वाटेत बाजूने भर पडावी लागते. मज्जातंतूंच्या 31 जोड्या असल्या, तरी पुढच्या धमनीला खरी भर घालणाऱ्या वाहिन्या मोजक्याच. त्यांतली सर्वांत मोठी आल्बर्ट आदामकिएविच यांच्या नावाने ओळखली जाते. या पोलिश शास्त्रज्ञाने 1880च्या दशकाच्या सुरुवातीला मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांचे सविस्तर वर्णन केले. ती बहुधा डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्यांदरम्यान आत शिरते, थोडी वर चढते आणि केसाच्या पिनेसारखी वळून खाली येते. जाडी जेमतेम मिलिमीटरभर. प्रत्येकाच्या शरीरात तिची जागा थोडी वेगळी, म्हणून महाधमनीच्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी सीटी अँजिओग्राफीत ती शोधतात.

मानेत आणि कमरेत भर चांगली असते. छातीचा मधला पट्टा मात्र दोन्हीकडच्या पुरवठ्याच्या टोकाला पडतो. रक्तदाब एकाएकी कोसळला की झळ लागण्याचा धोका इथे अधिक. मोठा रक्तस्राव, हृदय बंद पडणे, महाधमनी फाटणे किंवा तिच्यावरची शस्त्रक्रिया ही त्याची मुख्य कारणे. पुढची धमनी बंद पडली तर पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबा जातो, टाचणी टोचलेली कळत नाही. पण अंगठा वर आहे की खाली, हे डोळे मिटूनही रुग्ण सांगतो, कारण ती जाणीव वाहणारा मागचा भाग दुसऱ्या धमन्यांवर जगतो. या विसंगतीवरूनच डॉक्टर बिघाडाची जागा ओळखतात.

महाधमनीच्या शस्त्रक्रियेनंतर पाय दुबळे पडू लागले तर उपचाराचा रोख दाबावरच असतो. रक्तदाब मुद्दाम वाढवतात आणि कमरेतून नळी घालून मज्जारज्जूभोवतीचा द्रव थोडा काढतात. रक्ताला ढकलणारा जोर वाढला, बाहेरून दाबणारा कमी झाला, की उरलेल्या वाटांनी रक्त पोचू शकते.

आयुष्यभर ‘बीपी आटोक्यात ठेवा’ ऐकलेल्या घरच्यांना आयसीयूत हे उलटे वाटते. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत: वर्षानुवर्षे चढलेला दाब धमन्या खराब करतो, तर अचानक पडलेला दाब मज्जारज्जू उपाशी ठेवतो. म्हणून पाठीत एकाएकी कळ येऊन पाय जड पडले, तर सकाळची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.