हवापालट

हल्ली हा शब्द फारसा कानावर पडत नाही. आमच्या लहानपणी मात्र सर्रास होता. कुणी टायफॉइडमधून उठलं, कुणाचं बाळंतपण जड गेलं, कुणाला संध्याकाळचा बारीक ताप राहू लागला, की डॉक्टर म्हणायचे, "औषध चालू ठेवा, पण जमलं तर हवापालट करा." ज्यांना जमायचं ते जायचे. आता आपण जातो ते 'ट्रिप'ला. पहाटे गाडी काढायची, दुपारपर्यंत पाच पॉइंट उरकायचे, खरेदी करायची आणि रात्री घरी येऊन पाय चेपत बसायचं. पाचगणी तर बहुतेकींच्या आठवणीत महाबळेश्वरच्या वाटेवरचा एक चहाचा थांबा.

मी गेल्या नोव्हेंबरात पाचगणीला तीन दिवस राहिले आणि पायी हिंडण्यापलीकडे काहीही केलं नाही. पिशवीचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "वजन उचलू नका, रोज चाला आणि विश्रांती घ्या." घरी राहून यातलं फक्त चालणं जमत होतं, तेही स्वयंपाकघर ते गॅलरी. शेवटी थोरल्या जाऊबाईंनीच निकाल लावला. "चल, आपण दोघीच जाऊ. घर काही पळून जात नाही." त्यांच्या तोंडून असं वाक्य चोवीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

सांगलीहून सातारा, तिथून वाई, आणि वाईहून पसरणीच्या घाटानं वर. घाटात कानाला दडे बसतात आणि हवा एकदम पातळ, गार लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४२०० फुटांवरचं हे गाव. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधलं, म्हणून पाचगणी. इंग्रजांचं उन्हाळ्याचं लाडकं ठिकाण खरं तर महाबळेश्वर. पण तिथला पाऊस असा की जून आला की बाडबिस्तरा गुंडाळावाच लागे. पाचगणी तिथून वीसेक किलोमीटरवर, पण पाऊस निम्म्याहूनही कमी. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जॉन चेसन नावाच्या इंग्रज गृहस्थानं बारा महिने राहता येईल असं हे गाव वसवलं. सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडं आणून लावली. ते गेले तेही इथंच, सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. मुख्य बाजाराच्या रस्त्याला आजही चेसन रोड म्हणतात.

या चेसन रोडवर आमची पहिली संध्याकाळ गेली. चपलांची दुकानं, चिक्की, फुटाणे, जॅमच्या बाटल्या, लाकडी खेळणी. बोर्डिंगची मुलं ओळीनं चाललेली, पुढं एक बाई आणि मागं एक बाई. शाळांचं गावच आहे हे. सेंट जोसेफ्स १८९५ची, किमिन्स १८९८ची, आपल्या मराठी माणसांनी काढलेलं संजीवन विद्यालय १९२२चं. सेंट पीटर्समध्ये १९५०च्या दशकात झांझिबारहून आलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकत होता. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजला. आमच्या मुलाला हे फोनवर सांगितलं, तेव्हा कुठं त्याला आईच्या पाचगणीत रस वाटला.

जाऊबाईंच्या हातात कापडी पिशवी होती. रिकामी.

"वहिनी, पिशवी कशाला घेतलीत?"

"असू दे गं. हात मोकळा बरा नाही वाटत."

मैत्रिणींनो, हसू नका. आपल्या गावात आपण नुसत्या चालतो का कधी? बाई रस्त्यावर दिसली की समोरून प्रश्न येतोच, "कुठं निघालात?" त्याला उत्तर लागतं. भाजीला, देवळात, बँकेत, धाकटीच्या क्लासला. "कुठं नाही, सहज" हे उत्तर चालत नाही. पिशवी हा आपला परवाना आहे. पाचगणीत पहिल्या दिवशी आम्हीही परवाना घेऊनच फिरलो. कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी लॉजच्या खुंटीवर राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजार सोडून आडरस्त्यांनी गेलो. जुने बंगले अजून बरेच उभे आहेत. उतरती कौलं, दगडी जोती, आणि बहुतेकांना लांबच लांब व्हरांडे. हे व्हरांडे नुसते हौसेचे नसायचे, आजाऱ्यासाठीही असायचे. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात उपचार तीनच होते, मोकळी हवा, सकस खाणं आणि पडून राहणं. रोग्याची खाट व्हरांड्यात मांडायची, पांघरुणं द्यायची, पण हवा अडवायची नाही. युरोपात स्वित्झर्लंडच्या डोंगरात याच कारणानं आख्खी गावं उभी राहिली. आपल्याकडे १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरियांनी पाचगणीत बेल एअर सॅनेटोरियम काढलं. पुढे ते रेड क्रॉसकडे गेलं आणि आजही तिथं रुग्णालय आहे. ज्यांना सॅनेटोरियम नको असे ते बंगला किंवा दोन खोल्या भाड्यानं घ्यायचे, आणि रोग्याबरोबर घरचं कुणीतरी यायचं.

हे 'कुणीतरी' म्हणजे कोण, ते मला पाचगणीला जायच्या आधीपासून ठाऊक होतं. आमची आजी.

१९४४ साल. आजीच्या धाकट्या दिरांना, म्हणजे माझ्या चुलत आजोबांना, क्षय झाला. त्यांचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे सोबत जायला बायको नव्हती. पणजीबाईंना थंडी सोसत नव्हती. सव्वीस वर्षांची आजी सहा वर्षांच्या आमच्या आत्याला घेऊन दिरांबरोबर पाचगणीला आली आणि आठ महिने राहिली. आत्या आता सत्त्याऐंशीची आहे, पण तिला ते दिवस लख्ख आठवतात. पहाटे शेगडी पेटवायची, दूध, मऊ भात, दोन वेळा सूप. डॉक्टरांनी अंडी सांगितलेली. घरात अंडं चालत नसे, म्हणून मागच्या पडवीत निराळी शेगडी आणि निराळं पातेलं. दिरांची भांडी उकळत्या पाण्यातून काढायची, थुंकीचं भांडं चुन्यानं साफ करायचं. दुपारी तासभर त्यांना झोप सक्तीची, तेव्हा धुणं.

त्याच जुलैत गांधीजी पाचगणीला आले होते. आगाखान पॅलेसच्या कैदेतून मे महिन्यात सुटलेले, प्रकृती खंगलेली. कस्तुरबा त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला त्या कैदेतच गेलेल्या. दिलखुश बंगल्यात ते विश्रांतीसाठी उतरले होते. शेजारपाजारचे दर्शनाला गेले. आजी गेली नाही. आत्याला विचारलं तर म्हणते, "अगं, संध्याकाळी काकांचं सूप असायचं ना!"

टेबललँड तरी पाहिलं का तिनं?

"आईला कुठलं टेबललँड! वर बोट करून मला म्हणायची, ते बघ, तिथं घोडे असतात म्हणे."

चुलत आजोबा बरे झाले, लग्न झालं, चांगले ऐंशीच्या पुढं जगले. कुटुंबात आजही सांगतात, पाचगणीच्या हवेनं वाचले. हवेनं वाचले असतीलही. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध नुकता त्याच वर्षी जाहीर झाला होता, आपल्याकडे ते इंजेक्शन मिळायला आणखी काही वर्षं होती. पण त्या हवेला दोन वेळा सूप कुणी करून घातलं, हे त्या गोष्टीत येत नाही.

पुढे १९५०च्या सुमारास आजीलाच ताप येऊ लागला. तिला पाचगणीला न्यायचा विषय निघाला नाही. मुलं लहान, स्वयंपाक कोण करणार? पण मिरज जवळ होतं. अमेरिकन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेसांनी १८९४ मध्ये तिथं हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून आमच्या भागात 'मिरजेला दाखवा' हा शेवटचा शब्द. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीला क्षयाचं सॅनेटोरियम होतं. तिथं आजी पाच महिने होती. इंजेक्शनं, एक्स-रे आणि सक्तीची विश्रांती. सकाळचा चहा हातात, जेवणाचं ताट समोर. उठून कुणाला वाढायचं नाही. दुपारी झोपलं नाही तर नर्स रागवायची, झोपलं म्हणून कुणी नाही. आजी म्हातारपणी आम्हा नातींना सांगायची, "माझं खरं माहेरपण वानलेसवाडीला झालं."

लहानपणी आम्ही या वाक्याला हसायचो. ऑपरेशननंतर हॉस्पिटलातल्या चौथ्या दिवशी, आयता उपमा समोर आला तेव्हा, मला ते वाक्य आठवलं आणि हसू आलं नाही.

ही सॅनेटोरियमं नंतर ओस का पडली, त्याचं कारण आपल्याच देशातलं आहे. मद्रासला १९५६ पासून एक मोठा अभ्यास झाला. क्षयाचे निम्मे रोगी सॅनेटोरियमात ठेवले, निम्मे त्यांच्या घरी, बऱ्याचदा एका खोलीच्या दाटीवाटीच्या घरी. औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आले, की नेमानं औषध घेतलं तर घरीही तितकंच बरं वाटतं आणि घरच्यांना त्यामुळे जास्त धोका होत नाही. डोंगरावरची हवा, पडून राहणं, यांची सक्ती उरली नाही. गोरगरिबांसाठी हे वरदानच ठरलं. कुणाला घरदार सोडून वर्षवर्ष जावं लागलं नाही. हे सगळं मला मान्य आहे. फक्त एक गोष्ट मनात येते. उपचार घरी आले, तशी बाईची विश्रांतीही घरी आली. आणि घरी बाईला विश्रांती मिळते का, हे मी तुम्हाला सांगायला नको.

क्षय काही इतिहासजमा झालेला नाही. जगातले सुमारे पाव रुग्ण आजही आपल्या देशात आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, औषधंही फुकट, साधा क्षय असेल तर सहा महिन्यांत बरा होतो. शिवाय खाण्यासाठी म्हणून सरकार २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये टाकू लागलं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. चांगलीच योजना आहे. पण त्या पैशाचं दूध घरात आलं की ते कुणाच्या पेल्यात पडतं, ते एकदा बघायला हवं. कितीतरी जणी तर खोकला पदराआड दाबतात. सुनेला क्षय झालाय म्हटलं की माहेरी धाडायची भाषा अजून होते.

दुपारी आम्ही पारसी पॉइंटवर बसलो. खाली धोम धरणाचं पाणी पसरलेलं. महाबळेश्वरला उगवलेली कृष्णा इथून वाई, कराड करत आमच्या सांगलीच्या घाटाला येते. २००५, २०१९ आणि २०२१ साली तिनं आमचे हाल केले, २०१९ला जाऊबाईंच्या माहेरी पहिल्या मजल्याला पाणी लागलं होतं. त्या बराच वेळ खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "इथं बघ कशी शहाण्यासारखी बसलीय." भाजलेलं कणीस अर्धं अर्धं खाल्लं. कुणाला काय हवं नको ते विचारायचं नव्हतं, त्यामुळे बोलणं हळूहळू निघालं. चोवीस वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलेल्या बायका आम्ही, पण त्यांना पोहायला येतं हे मला त्या दिवशी कळलं.

स्ट्रॉबेरीच्या बागा आणि जॅमचे कारखाने महाबळेश्वरच्या रस्त्याला आहेत, जवळच भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. वेळ असेल तर भिलार नक्की करा, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि कुणीही बसून वाचावं. आम्ही गेलो नाही. तीन दिवसांत तीनच गोष्टी, असं जाऊबाईंनी ठरवलं होतं, आणि तिसरी राहिली होती.

टेबललँडवर तिसऱ्या दिवशी सकाळी चढलो. थांबत, दम खात. एका ठिकाणी मी पोटाशी हात धरून उभी राहिले, तर खाली उतरणाऱ्या एका अनोळखी बाईनं न विचारताच सांगितलं, "घाई नका करू, ते कुठं जात नाही." वर गेलं की एकदम सगळं सपाट. जांभ्या दगडाचं भलंथोरलं पठार, पिवळं पडलेलं गवत, घोडे, घोडागाड्या आणि वारा. एका बाजूला पांडवगड, खाली पाण्याला लागून कमळगड. पांडवांच्या पावलांच्या खुणा, पांडव राहिले ती गुहा, असं घोडेवाले दाखवतात. ते आपलं ऐकून घ्यायचं. आम्ही घोड्यावर बसलो नाही. मला मनाई होती आणि जाऊबाई म्हणाल्या, "बिचाऱ्याला कशाला त्रास."

कडेपासून लांब एक दगड बघून बसलो आणि मी आत्याला फोन लावला. वाऱ्यानं नीट ऐकू जाईना. दोनदा ओरडून सांगितलं, "आत्या, टेबललँडवर आहे!"

"कुठं?"

"टेबललँड! पाचगणी!"

पलीकडं थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "घोडे आहेत का गं?"

"आहेत. खूप आहेत."

"आणि काय आहे?"

"काही नाही. नुसतं सपाट आहे. आणि वारा."

"सपाट? मग एवढं चढून जातात कशाला लोक?" आत्या म्हणाली. "बरं, डोकं बांध. आणि खाली उतरायची घाई करू नकोस."