जरी कारखानदारांनी उचलीचा हिशोब तपासावा

मदनपुऱ्यापासून गोवंडीपर्यंत जरीच्या कारखान्यांत अड्ड्यावर बसलेल्या लहान मुलाबद्दल विचारले की ठरलेले उत्तर मिळत आले आहे, "भाचा आहे, काम शिकतोय." हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही, हे आमच्या कारखानदार बंधूंनी ध्यानात घ्यावे.

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. वॉरंटशिवाय अटक होते. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. घरच्या धंद्यात हातभार लावण्याची सवलत आहे, आणि घरच्यांत मामा, काका, आत्या, मावशी येतात हेही खरे. पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामाला मुळीच नाही. जरीकाम २०१६ पूर्वीच धोक्याच्या कामांच्या यादीत होते. शिवाय गावाहून आणलेला शेजाऱ्याचा पोरगा भाचा कसा होणार?

खरी मेख मात्र उचलीत आहे. बिहारमधल्या बापाच्या हाती काही हजार ठेवायचे आणि ते फिटेपर्यंत मुलाला अड्ड्यावर बसवायचे, याला आपल्याकडे मदत म्हणतात. १९७६ चा कायदा याला वेठबिगारी म्हणतो. कैद तीन वर्षांपर्यंत, आणि ते कर्जच रद्द! मोठ्या कारागिरालाही हाच कायदा लागू आहे. एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सुप्रीम कोर्टाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरी ठरविली.

"आम्ही ठेक्यावर काम घेतो, जबाबदारी एक्स्पोर्टरची," असे म्हणणाऱ्यांनी २००७ साल आठवावे. दिल्लीच्या एका कारखान्यात गॅप कंपनीच्या कपड्यांवर भरतकाम करणारी मुले एका ब्रिटिश वृत्तपत्राला सापडली. कंपनीने काम थांबवले, तो माल दुकानात येऊ दिला नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या मालामागे सक्तीची मजुरी नसावी म्हणून काय केले, हे दरवर्षी जाहीर करावे लागते. चौकशी मग अड्ड्यापर्यंत येते.

कारागीर मिळत नाहीत, ही तक्रार आम्हांस ठाऊक आहे. तरी प्रत्येकाच्या वयाचा दाखला आणि सहीनिशी मजुरीचे रजिस्टर कारखान्यातच ठेवावे. उचल दिलीच तर लिहून द्यावी, आणि ती बाकी असतानाही कारागिराला काम सोडून जाण्याची मोकळीक असावी. दाखला नसेल आणि वयाचा वाद निघाला, तर नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वय ठरवून घेता येते.