दोन सायकली, एक रस्ता

स्मरणिकेसाठी एखाद्या वैद्यकीय विषयावर लिहावे, असा सहव्यवसायी मित्रांचा आग्रह होता. मी मात्र सायकलीवर लिहीत आहे. हा विषय शेवटी आपल्या दवाखान्याच्या दारापर्यंत कसा येतो, हे लेख संपेपर्यंत वाचकांच्या ध्यानी येईल, असा विश्वास वाटतो.

माझ्या घरी दोन सायकली आहेत. पहिली वडिलांची, आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यात तयार झालेली. काळा रंग, चामड्याची सीट, सळ्यांचे ब्रेक, अठ्ठावीस इंची चाके. वैनगंगेपलीकडील खेड्यांत ते याच सायकलवरून रुग्णभेटीस जात आणि औषधांची पेटी मागच्या कॅरिअरवर बांधलेली असे. दुसरी सायकल मी साठीच्या उंबरठ्यावर घेतली. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बन तंतूंचा पुढचा चिमटा, बावीस गिअर आणि मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले हँडल. घरच्या काट्यावर पहिलीचे वजन वीस किलो भरले, दुसरीचे नऊ. 'नवीन चांगली की जुनी?' हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला की, त्याचे उत्तर रस्त्यावरच शोधावे असे ठरविले.

प्रथम सपाट रस्ता घेऊ. बालाघाटहून वैनगंगा ओलांडून वारासिवनीपर्यंत मी दोन्ही सायकलींवर अनेकदा गेलो. श्वास न लागता, बोलता येईल इतक्याच श्रमाने, जुन्या सायकलीला साधारण साठ मिनिटे लागतात आणि नवीला अठ्ठेचाळीस. बारा मिनिटांचे श्रेय सर्वजण कमी वजनाला देतात, पण ते बरोबर नाही. सपाट रस्त्यावर एकदा वेग घेतला की वजनाचा अडसर थोडाच राहतो. खरे विरोधक दोन, हवा आणि टायर. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो भेदण्यासाठी लागणारी शक्ती आठपट. जुन्या सायकलीवर आपण खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसतो आणि छातीचा पडदा वाऱ्यापुढे धरतो. नवीवर पाठ झुकते आणि वाऱ्याला सामोरे जाणारे शरीराचे क्षेत्र कमी होते. त्यातच नव्या टायरची कड पातळ व लवचीक असल्याने प्रत्येक फेऱ्यात दबण्या-फुगण्यात कमी ऊर्जा वाया जाते.

टायरचा विषय निघालाच आहे, तर आपल्या व्यवसायाशी नाते सांगणारी एक गोष्ट नमूद करतो. हवेचा टायर १८८८ मध्ये प्रचारात आणणारे जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधील पशुवैद्य होते. मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावेत म्हणून त्यांनी तो प्रयोग केला. सायकलीचे सुख हवेत आहे, हे त्यांचे निदान आजही खरे ठरते. 'जुनी पोलादी फ्रेम मऊ चालते, नवी कडक' असे पुष्कळ जण म्हणतात. इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये '५३१' नावाची मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आणली आणि पुढे कित्येक वर्षे उत्तम सायकली तिच्यापासूनच घडल्या. भरवेलीच्या मँगनीजच्या सावलीत राहणाऱ्या आपणां बालाघाटकरांना या पोलादाचे थोडे अप्रूप वाटल्यास नवल नाही. परंतु खड्ड्यावरून जाताना फ्रेम दबते ती अत्यल्प. टायर तिच्या कितीतरी पट दबतो. वडिलांच्या सायकलीचा मऊपणा तिच्या रुंद टायरात, सीटखालच्या स्प्रिंगांत आणि लांब बैठकीत होता. तिच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर मी टेपने मोजले, तेव्हा ते नवीपेक्षा वीतभर अधिक भरले. पुढचा चिमटाही अधिक कललेला आहे. म्हणून ती खेड्याच्या वाटेवर संथ आणि सरळ चालते. नवी मात्र हाताच्या किंचित हालचालीनेही वळते.

खडबडीत रस्त्यावरचा अनुभव तर अधिक बोधप्रद ठरला. आरंभी मी नव्या सायकलीच्या अरुंद टायरात शंभर पौंड दाबाने हवा भरीत असे. टणक टायर वेगवान, अशी समजूत होती. गुळगुळीत रस्त्यावर ती काही अंशी खरी आहे. खडीच्या रस्त्यावर मात्र प्रत्येक हादरा सायकलसह स्वाराला वर उचलतो आणि ती ऊर्जा आपल्या स्नायूंत व मऊ ऊतींत विरून जाते. म्हणजे थकवा येतो आणि वेगही घटतो. अलीकडच्या शर्यतींतही टायर रुंद होत गेले आणि हवेचा दाब उतरला, त्याचे हेच कारण. मी अठ्ठावीस मिलिमीटरचा टायर बसवून दाब पंचाहत्तरवर आणला, तेव्हा सायकल सुखावली आणि मीही.

आता घाट. बैहर मार्गावरील गांगुलपाराच्या चढावर वजनाचा हिशेब खरोखर लागतो. माझे वजन ऐंशी किलो धरल्यास जुन्या सायकलीसह शंभर आणि नवीसह एकोणनव्वद किलो वर न्यावे लागतात. म्हणजे अकरा टक्के बचत. मात्र मोठा फरक गिअरचा आहे. जुन्या सायकलीच्या पुढच्या चक्राला चव्वेचाळीस दात, मागच्याला अठरा. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते, चढ असो वा उतार. नवीचा सर्वांत हलका गिअर एका फेऱ्यात सव्वादोन मीटरच नेतो. ताशी दहा किलोमीटर वेगाने चढताना जुनीवर पाय मिनिटाला तीस वेळा फिरतात आणि प्रत्येक वेळी जणू जिना चढावा लागतो. नवीवर ते पंचाहत्तर वेळा हलकेच फिरतात. काम जवळजवळ तेवढेच, पण गुडघ्यावरचा प्रत्येक भार निम्म्याहून कमी. पन्नाशीनंतरच्या गुडघ्यांना गिअरची शिफारस करावी ती यासाठी.

आता माझ्या स्वतःच्या दोन प्रकरणांविषयी. एका जुलैत रिमझिम पावसात मी जुन्या सायकलीने घाट उतरत होतो. वळणावर एक शाळकरी मुलगी आपली सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. मी ब्रेक दाबले. सायकल थांबली नाही. ब्रेकचे रबर क्रोम चढविलेल्या पोलादी रिमवर घासते आणि ती रिम ओली झाली की पकड जवळपास नाहीशी होते. मी बाजूच्या खडीत सायकल घातली. मुलगी बचावली, माझे उजवे मनगट मोडले. शल्यचिकित्सकाला सहा आठवडे सुरी हाती धरता आली नाही. त्याहून अधिक काळ त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे राहिला.

दुसरे प्रकरण नव्या सायकलीचे. दोन महिन्यांत माझी करंगळी आणि अनामिका बधिर होऊ लागली. निदान करणे कठीण नव्हते. झुकलेल्या बैठकीत शरीराचा भार तळहातांवर येतो आणि मनगटापाशी अल्नर मज्जातंतू दबतो. हँडल दोन इंच वर घेतले, जाड पट्टी गुंडाळली, हात वारंवार बदलू लागलो. सहा आठवड्यांत बधिरता गेली. दोन सायकलींनी एकाच हाताला दोन धडे दिले. जुनीने थांबण्याचा आणि नवीने बसण्याचा.

योग्य बैठक लाभली तर माणूस किती दूर जाऊ शकतो, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यापूर्वी २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी दोघांच्या चमूने ती पार केली होती.

आपल्या रुग्णांपैकी बहुतेकांना अशा शर्यतीला जायचे नाही. त्यांना शेतावर, खाणीवर किंवा शाळेत जायचे आहे आणि त्यांची सायकल बहुधा एका गिअरची, जड, काळीच आहे. तेव्हा 'सायकल चालवा' एवढेच लिहून न देता आपण तीन गोष्टी विचाराव्यात, असे सुचवितो. पायडल तळाशी असताना गुडघा साधारण पंचवीस ते तीस अंश वाकलेला राहतो का? टायरात हवा पुरेशी आहे का? आणि पावसात ब्रेक लागतो का? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, विशेषतः शासनाकडून मिळालेल्या सायकलीवरून शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी.

वडिलांची सायकल मी विकली नाही. तिला अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा आणि नव्या धाटणीचे ब्रेक बसवून घेतले. जाणकार म्हणतील, तिचे जुनेपण गेले. गेले असेल. रविवारी सकाळी मी तिच्यावरूनच वैनगंगेच्या पुलापर्यंत जातो, आणि वाटेत शाळकरी मुले दिसली की ब्रेक एकदा हलकेच दाबून पाहतो.