सव्वासहा मिलिमीटर

कुवेतमध्ये जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला बंदी असते. का, ते तिथल्या मित्रिबा या ठिकाणच्या आकड्यावरून कळेल: 21 जुलै 2016 रोजी तिथे पारा 53.9 अंश सेल्सिअसवर गेला होता. या सक्तीच्या विश्रांतीत, दुपारी एकच्या सुमारास, 666 किलोमीटर उंचीवरचा जपानी उपग्रह ‘इबुकी’ मात्र कामावर असतो. जानेवारी 2009मध्ये तो सोडला तो हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन मोजायला. आणि बुर्गानसारखं अजस्र तेलक्षेत्र पोटात असलेला हा देश त्याच्या नजरेच्या टप्प्यात येतो.

इतक्या वरून वायू दिसतो कसा? वाळूवरून परतणारं ऊन हवेतून वर जाताना मिथेन त्यातल्या ठरावीक तरंगलांबी गिळतो. कुठल्या गिळल्या, ते इबुकीतला इंटरफेरोमीटर ओळखतो. अर्धपारदर्शक काच प्रकाशाचे दोन भाग करते. दोन्ही आरशांवरून परततात आणि पुन्हा एकत्र येतात. दोन वाटांच्या लांबीतला फरक बदलत गेला, की लाटा कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी पुसून टाकतात. प्रत्येक तरंगलांबीच्या या चढउताराची लय निराळी. सगळ्यांची एकत्र नोंद गणिताने सोडवली की वर्णपट हाती येतो. (हे गणित फ्रेंच गणिती फूर्येने 1822च्या ग्रंथात मांडलं ते उष्णता कशी पसरते याचा विचार करताना. कुवेतच्या भर दुपारी त्याची गरज पडावी, याची मला भारी गंमत वाटते.)

अडचण आहे ती वाट लांबवण्याची. आरसा रुळावर सरकवावा, तर तो सूतभर कलला तरी परतणारा प्रकाश भरकटतो, आणि अवकाशात रूळ नीट करायला कोण जाणार? म्हणून इबुकीतले आरसे आसाभोवती फिरतात. झुलत्या दांडीच्या दोन टोकांना दोन आरसे. तराजूसारखं एक पारडं जवळ आलं की दुसरं लांब जातं. शिवाय यातला प्रत्येक आरसा म्हणजे काटकोनात जोडलेल्या तीन आरशांचा कोपरा. असा कोपरा कलला तरी किरण आल्या दिशेलाच परत पाठवतो. त्यामुळे दांडी फिरताना येणारा कल बाधत नाही, बदलतं ते फक्त अंतर.

आता हिशेब बघा. एक आरसा मिलिमीटरभर जवळ आला, की त्याची जाण्यायेण्याची वाट दोन मिलिमीटरने घटते आणि दुसऱ्याची तितकीच वाढते. फरक चार मिलिमीटर! शून्यापासून इबुकीला लागणारा अडीच सेंटिमीटरचा फरक गाठायला आरशाला जेमतेम सव्वासहा मिलिमीटर हलावं लागतं.

एका नोंदीला चार सेकंद लागतात. तेवढ्यात खालची जमीन सुमारे 27 किलोमीटर मागे पडते. म्हणून पुढचा आणखी एक आरसा फिरत राहून नजर त्याच साडेदहा किलोमीटर व्यासाच्या वर्तुळावर धरून ठेवतो. आणि दांडी किती फिरली? ते एक लेसर सांगतो, स्वतःच्याच लाटा मोजून. त्याची तरंगलांबी 1.31 मायक्रोमीटर, म्हणजे त्या अडीच सेंटिमीटरमध्ये एकोणीस हजारांवर लाटा.